आधी आई दाखवा



आज शेळीचा विमा नाही, बँक लिंकेज नाही आणि हिशोबवही कशी लिहायची तेही नाही. आज आम्ही कुत्र्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गेल्या दोन वर्षांत आमच्या गटांत पैशावरून जी भांडणं झाली, त्यातलं सगळ्यात मोठं कुत्र्यावरून झालं.

आम्ही म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या तिघीजणी. मागच्या वर्षी एका गटातल्या वहिनींनी चौदा हजारांचं अंतर्गत कर्ज उचललं. कारणाच्या रकान्यात 'घरखर्च' लिहिलं होतं. पैसे गेले लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला. पोराचा हट्ट, दुसरं काय. शहरातल्या एका विक्रेत्यानं फोनवर फोटो पाठवले, वहिनींनी पैसे पाठवले आणि एसटी स्टँडवर खोक्यातून पिल्लू हातात आलं. दीड महिन्याचं आहे असं सांगितलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि म्हणाले, हे महिन्याचंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागली. डॉक्टर म्हणाले पार्व्हो. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद. पिल्लू गेलं, पण हप्ते राहिले. वर्षभर दर महिन्याच्या बैठकीत वहिनी मान खाली घालून पैसे मोजत होत्या, आणि त्या कर्जाच्या कागदावर आमच्याही सह्या होत्या.

शेळी घ्यायची तर आपण बाजारात तिचे दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो. चौदा हजारांचं पिल्लू मात्र फोटो बघून घेतलं. हे आमच्या मनाला फार लागलं.

यंदा दुसऱ्या गटात अर्ज आला. एका काकूंच्या दोन शेळ्या लांडग्यानं नेल्या. त्यांना राखणीला कुत्रं हवं होतं आणि जर्मन शेफर्डसाठी पंधरा हजार हवे होते. त्याच बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पंधरा हजार कशाला? आठवडी बाजारामागं ट्रकखाली कुत्री गेली, तिची दोन पिल्लं माझ्या परड्यात आहेत. फुकट ने." काकू म्हणाल्या, "रस्त्यावरचं रक्त. उद्या माझ्याच करडांना खाईल." मग जी जुंपली ती जुंपलीच. कुणी म्हणालं जातिवंतच हवं, कुणी म्हणालं पैसे देऊन जीव विकत घेणं हेच पाप.

बैठक तशीच उठली. आम्ही मात्र विचारात पडलो, की विकत घेतलेलं कुत्रं आणि उचलून आणलेलं कुत्रं, हा भेद आला कुठून? आपल्या आज्यांना तो माहीत होता का? म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तालुक्याच्या वाचनालयात बसलो, डॉक्टरांना त्रास दिला. जे हाती लागलं ते सांगतो.

आज्यांना विचारलं तर त्या हसल्या. "पिल्लू विकत? पिल्लू मागून आणायचं असतं." कुणाच्या तरी वाड्यावरची कुत्री चांगली, रात्री जागी असते, पोराला चावत नाही, मेंढरांत शिरत नाही. ती व्याली की आधीच सांगून ठेवायचं, यातलं एक मला. डोळे उघडून, आईचं दूध तुटून, पिल्लू भाकरी खायला लागलं की जायचं आणि घेऊन यायचं. देणाऱ्याला पैसे नाहीत, फार तर पायलीभर बाजरी. पण घेणारीनं आई बघितलेली असायची. तिचा स्वभाव माहीत, तिला पाळणारं घर माहीत. वाईट निघालं तर कुणाच्या दारात जाऊन बोलायचं तेही माहीत. धनगरांच्या वाड्यावर आजही बरंचसं असंच चालतं.

आपल्या लोकांचं कुत्र्याशी नातं तसं दुटप्पीच. शिवी द्यायची तर कुत्र्याचीच, "कुत्रा हाल खाणार नाही" म्हणायचं. आणि खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेणार, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असणार. धर्मराजानं कुत्र्याला सोडून स्वर्गात पाय ठेवायला नकार दिला, ती गोष्ट तर कीर्तनात कितीदा ऐकली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, ती आमच्यातल्या एकीनं माहेरी असताना पाहिली आहे.

मग आपल्याकडे जातिवंत कुत्रं नव्हतंच का? होतं की. आपण ज्याला करवानी म्हणतो ते. लांब तोंड, खपाटीला गेलेलं पोट, काठीसारखे पाय, आणि सशामागं सुटलं की धूळच दिसावी. काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, उत्तरेकडून दख्खनेत आलं म्हणून करवानी, असं नाव सांगतात. दक्षिणेला मुधोळ हे घोरपड्यांचं मराठी संस्थान होतं, आता ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड शिकाऱ्यांजवळची ही कुत्री पाहिली, पोसली, निवडून वाढवली आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली. तेव्हापासून साहेबाच्या तोंडी ती मुधोळ हाउंड झाली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांचं सरकारी संशोधन केंद्र आहे, आणि मेरठच्या लष्करी केंद्रात त्यांना शिकवून सैन्यातही घेतलं.

म्हणजे बघा, राजानं नाव मिळवलं, पण त्याच्या आधी किती पिढ्या ती कुत्री शिकाऱ्यांच्या झोपड्यांत निवडली जात होती. कुठली कुत्री कुणाला दाखवायची, कुठलं पिल्लू ठेवायचं, हे त्यांना कळत होतं. आजच्या भाषेत तेच जबाबदार ब्रीडर. कागद नव्हता एवढंच.

आता जरा मुंबईला चला. आपल्या भागातली माणसं पोटासाठी गिरणीत जायला लागली त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे. मालक नसलेल्या कुत्र्याचं काय करायचं, यावर आपल्याकडे पहिला मोठा दंगा तिथे झाला. इतिहासात त्याला मुंबईचा कुत्र्यांचा दंगा असंच म्हणतात.

कंपनी सरकारचा १८१३ पासून नियम होता, की उन्हाळ्याच्या आणि पावसाळा संपतानाच्या ठरावीक दिवसांत रस्त्यावरची मोकाट कुत्री मारायची. कुत्री पिसाळतात ही भीती. १८३२ साली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत केली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचं बक्षीस होतं. आठ आणे म्हणजे त्या काळी थोडी रक्कम नव्हे. झालं, पैसा लागला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कुत्री पकडणारे लोक रस्ता सोडून घरांच्या आवारात शिरायला लागले. पाळलेलं कोण आणि मोकाट कोण हे बघायला कुणाला वेळ होता? शेपूट दिसलं की आठ आणे.

पारशी लोकांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला की त्याच्यावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांच्या अंत्यविधीचा भाग आहे. ६ जून १८३२ हा त्यांचा पवित्र दिवस होता, आणि नेमक्या त्या दिवशी कोटातल्या वस्तीत कुत्री मारणं चाललं. जमाव दोन गोऱ्या शिपायांच्या अंगावर गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. आता नुसते पारशी नव्हते, जैन, हिंदू, इस्माइली, सगळे उतरले. पलटणीला अन्नपाणी पोचू दिलं नाही. न्यायाधीशाच्या बग्गीवर दगड आणि घाण फेकली. शेवटी सैन्य बोलावलं, धरपकड झाली, म्होरक्यांना शिक्षा झाल्या. पण शहरातल्या मोठ्या मंडळींनी अर्ज केले, जमशेटजी जीजीभॉय त्यांत होते, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असं ठरलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचं पांजरपोळ सुरू केलं. भुलेश्वरला ते आजही आहे. आमच्यातली एक तिथून कितीदा तरी चालत गेली आहे, पण हे दार कुत्र्यांसाठी उघडलं होतं हे तिला ठाऊक नव्हतं.

यात आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या कुत्र्यांसाठी ही माणसं भांडली, त्यांतली बरीचशी कुणाच्याच मालकीची नव्हती. गल्लीची होती. सरकारच्या वहीत दोनच रकाने होते, मालकाचं आणि मोकाट. गल्लीचं कुत्रं या तिसऱ्या रकान्याला तिथे जागाच नव्हती. आपल्या गावात आजही हा रकाना आहे. शाळेपुढची काळी, पारावरचा लंगडा. कुणाची म्हणाल तर कुणाची नाही, उपाशी म्हणाल तर उपाशी नाही.

हे दोन रकाने आले ते साहेबाच्या देशातून. आणि तिथला इतिहास वाचला तेव्हा आम्हाला खरी गंमत कळली. १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल गावी कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. शिकारी कुत्री आणायची, पंचांनी बघायची, नंबर काढायचे. आपल्या बैलांच्या प्रदर्शनासारखं. आणि लगेच पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, लंडनच्या हॉलोवे भागात मेरी टील्बी नावाच्या बाईनं हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं. तबेल्याची जागा, मैत्रिणींची मदत आणि वर्तमानपत्रांची टिंगल. माणसं उपाशी मरतायत आणि ही बाई कुत्र्यांना घर देते, असं लोक म्हणाले. आपल्यालाही हे ऐकावं लागतं ना? मेरीबाई पाचच वर्षांनी वारल्या. पण ते घर १८७१ मध्ये बॅटरसीला गेलं आणि आजतागायत चालू आहे.

म्हणजे जातिवंत कुत्र्याचं दुकान आणि अनाथ कुत्र्याचं घर, ही दोन्ही दारं एका वर्षाच्या अंतरानं उघडली. १८६२ मध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात यावरच एक लेख आला होता. जवळजवळच्या दोन वस्त्यांत दोन प्रदर्शनं, एकीकडे गाद्यांवर बसलेली, किंमत लावलेली कुत्री आणि दुसरीकडे मेरीबाईंच्या तबेल्यात दार उघडलं की धावत येणारी. तेव्हा आमच्या बैठकीतलं भांडण काही नवीन नव्हतं, दीडशे वर्षांपूर्वी लंडनात होऊन गेलं होतं.

पुढे १८७३ मध्ये तिथे केनेल क्लब निघाला. कुत्र्याची वंशावळ लिहायची, आई कोण, बाप कोण, आजा कोण. हे चांगलंच झालं, असं आम्हाला वाटतं, कारण आई लपवता येत नाही. पण त्याच्या जोडीला रूपाचा सोस आला. नाक आणखी चपटं, पाय आणखी आखूड, कातडीला आणखी सुरकुत्या. जवळच्या नात्यात जोड्या लावायच्या, म्हणजे रूप पक्कं राहतं. मग जनावराला श्वास घेता येवो न येवो. आणि आपल्या भाषेत तर 'जात' हा शब्द आला की माणसाचं डोकंच फिरतं. 'जातिवंत' म्हणताना बायकांच्या चेहऱ्यावर जो मान येतो तो बघून आम्हाला कधीकधी भीती वाटते. असो, हा विषय वेगळा.

तिकडे मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली, आणि १८८३ मध्ये परळला जनावरांचं इस्पितळ झालं. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी पैसा दिला आणि आपल्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव दिलं. बैल, घोडे, कुत्री, मांजरं, सगळ्यांना तिथे इलाज.

पण दवाखाने आले म्हणून भीती गेली नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर माणूस मरतो, हे आपल्या प्रत्येक गावानं पाहिलेलं आहे. पाश्चर यांनी १८८५ मध्ये लस शोधली. आपल्या देशात १९०० साली कसौलीला लशीची संस्था झाली. आपल्या आईबापांच्या पिढीला आठवतात ती पोटातली चौदा इंजेक्शनं. जनावराच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीला बंद झाली. आता दंडात घेतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरी अजून काही घरांत आधी चुना आणि हळद लावतात. बायांनो, तसं करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्रं घरचं असो नाहीतर दारचं.

या भीतीपोटी नगरपालिका वर्षानुवर्षं कुत्री मारत राहिल्या. विषाचे लाडू आमच्यातल्या थोरलीनं लहानपणी पाहिलेत. शेपटीमागं दगड लागलेला तो सकाळचा रस्ता तिला अजून आठवतो. कुत्री मारली तरी कमी होत नव्हती, कारण जागा मोकळी झाली की शेजारची येत. खायला कचरा तर होताच.

हे बदललं त्यात एका बाईचा मोठा हात आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यम म्हटलं की ज्यांचं नाव येतं त्या. त्या राज्यसभेत होत्या आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धचं विधेयक त्यांनी स्वतः मांडलं होतं. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचं आश्वासन दिलं, त्यांनी आपलं मागे घेतलं, आणि १९६० मध्ये कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. मद्रासमध्ये ब्लू क्रॉस संस्थेनं १९६४ पासून मारण्याऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग धरला. २००१ मध्ये त्याचे देशभर नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्यानं आले. पकडायचं, नसबंदी करायची, लस टोचायची, जिथून उचललं तिथेच सोडायचं, आणि ही जबाबदारी नगरपालिकेची, ग्रामपंचायतीची. कागदावर हे सोपं आहे. आमच्या ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर मिळतं, तरतूद नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीची सगळी कुत्री उचलायला सांगितली, आणि अकरा दिवसांनी तो हुकूम बदलून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची लस देऊन परत सोडा, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, स्टँड यांच्या आवारातून ती हलवायला सांगितली. म्हणजे १८३२ चा प्रश्न २०२५ मध्येही न्यायालयात उभाच होता.

आता दुसऱ्या दाराकडे, दुकानाकडे येऊ. आपल्या लहानपणी शहरातल्या नातेवाइकांकडे पांढरं केसाळ पॉमेरियन असायचं. 'हम आपके हैं कौन' मध्ये १९९४ साली तसलंच एक आलं आणि घरोघरी टफी झाले. २००३ च्या सुमाराला मोबाइलच्या जाहिरातीत चपट्या नाकाचं पग आलं, लगेच पगचे भाव वाढले. त्या नाकानं आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणं किती कठीण, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही. मागणी आली की पुरवठा येतोच. कुणाच्या तरी गच्चीवर, पत्र्याच्या पिंजऱ्यात एक कुत्री दर माजाला लावायची, पिल्लं डोळे उघडल्याबरोबर विकायची. आमच्या वहिनींचं पिल्लू अशाच कुठल्या तरी पत्र्याखालून आलं असणार. त्याची आई कुणीच पाहिली नाही.

यासाठी २०१७ मध्ये नियम झाले आहेत, आणि ते आम्हाला त्या वेळी ठाऊक असते तर चौदा हजार वाचले असते. पिल्लं विकण्यासाठी कुत्री वाढवायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, जन्मात पाचपेक्षा जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर एकही नाही. हे आकडे आम्ही गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत. वाचताना एक जण म्हणाली, "आपल्या सासवांना कुणी असा नियम दाखवला असता तर?" सगळ्या हसल्या, मग जरा वेळ कुणी बोललं नाही.

एवढं सगळं वाचून आम्ही काकूंना घेऊन आधी कुठे गेलो, तर पलीकडच्या वस्तीवर. तिथे एक आजोबा तीन पिढ्यांपासून करवानी पाळतात. काकूंचं म्हणणं, परदेशी नको तर नको, पण जातीचं तरी घेऊ. आजोबांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि आधी पिल्लांची आई आणून उभी केली. मग बाप. मग लशीचं कार्ड. पिल्लं नऊ आठवड्यांची होती, आईच्या अंगावर उड्या मारत होती. मग त्यांनी काकूंना उलटे प्रश्न विचारले. कुत्रं बांधून ठेवणार की मोकळं? घरात लहान कोण? रोज पळवायला कोण नेणार? आणि कशासाठी हवं?

"शेळ्या राखायला," काकू म्हणाल्या.

आजोबांनी पिल्लू काकूंच्या मांडीवरून उचलून घेतलं. "मग मी देत नाही. हे पळणाऱ्या जनावरामागं सुटतं. ससा सुटला की तुझ्या शेळ्या वाऱ्यावर. उद्या करडू उड्या मारायला लागलं तर त्याच्यामागंही लागंल. राखणीला बसून भुंकणारं कुत्रं लागतं." आणि जर्मन शेफर्डचं नाव काढल्यावर म्हणाले, "त्या केसाळ अंगाला एप्रिलात आपलं माळरान दाखव एकदा."

सहा हजारांचं गिऱ्हाईक समोरून परत पाठवणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला. परतताना काकू रागावल्या होत्या, पण गप्प होत्या.

मग ताईंच्या परड्यात गेलो. इथे अडचण अशी, की आई दाखवायला नव्हती. ती ट्रकखाली गेलेली. म्हणून ज्यांनी ती पाहिली होती त्यांना विचारलं. बाजारातली भजीवाली म्हणाली, मोठी शहाणी कुत्री होती, पोरांनी शेपूट ओढलं तरी चावली नाही, पण रात्री पोत्याजवळ परका माणूस येऊ द्यायची नाही. तेवढ्यावरच भागवलं नाही. पिल्लं साडेतीन महिन्यांची झालेली. ताईंच्या शेळ्यांत त्यांना आठवडाभर सोडून पाहिलं. नर करडांमागं धावत होता. मादी मात्र दुरून बघायची आणि शेळ्यांच्या सावलीत जाऊन झोपायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लस टोचली, रेबीजचीही टोचली, आणि दोन आठवडे वेगळी ठेवा म्हणाले. आजार काही दिसला नाही. पण फुकटचं कुत्रं फुकट नसतं हेही तेव्हाच कळलं. लस, जंत, पुढे नसबंदी, जायच्या-यायच्या गाडीचं भाडं. आणि उचलून आणलेलं पिल्लू नीट निघेलच अशी हमी कुणी देत नाही. भित्रं निघतं, चावरं निघतं, तेव्हा परत नेऊन बाजारात सोडायचं का? ताईंनी काकूंना सगळ्यांसमोर विचारलं, "नाही जमलं तर रस्त्यावर सोडायची नाही. माझ्या दारात आणून बांधायची. कबूल?" काकूंनी मान हलवली, पण ताईंनी तोंडानं म्हणायला लावलं.

पुढच्या बैठकीत अर्ज बदलून आला. पंधरा हजारांऐवजी अठराशे रुपये, सहा हप्ते. कारणाच्या रकान्यात आम्ही या वेळी काकूंनाच लिहायला लावलं. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'कुत्री, लस व नसबंदी'. चौदा हजारांच्या कर्जावाल्या वहिनी त्याच बैठकीत होत्या. त्यांनी जामीन म्हणून पहिली सही केली.

कुत्रीचं नाव बिजली ठेवलंय. पहिल्या आठवड्यात तिनं काकूंची नवी चप्पल फाडली आणि एका करडाचा कान धरला. कान वाचला, चप्पल गेली. काकूंनी निरोप धाडला, कुत्री परत घेऊन जा. ताई गेल्या तर काकू म्हणाल्या, आता झोपलीय, उद्या बघू. त्याला आता दोन महिने झाले. लांडगा त्या बाजूला परत आलेला नाही, तो बिजलीला भिऊन की त्याच्या मनानं, ते तोच जाणे. नर पिल्लू अजून ताईंच्याच परड्यात आहे. कुणाला हवं असेल तर गुरुवारच्या बैठकीला या, पण येताना घरातल्या सगळ्यांना विचारून या.